नक्षीदार चांदीचा चमचा घेताना

फळे वाढण्यासाठीचा, आत द्राक्षे-पेअरचे उठावकाम आणि सोन्याचा मुलामा असलेला व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी ‘बेरी स्पून’ विकत घेण्याआधी दांडीमागचे छाप भिंगातून पाहावेत, कारण पुष्कळदा तो मुळात जॉर्जकालीन, म्हणजे व्हिक्टोरियाच्या आधीच्या जॉर्ज राजांच्या काळातला, साधा चमचा असतो आणि नक्षी मागाहून ठोकलेली असते. इंग्लंडात १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजमुखाचा छाप मारला जाई. तिथे राणी व्हिक्टोरियाऐवजी एखाद्या राजाचा चेहरा दिसला, तर चमचा राणीच्या कारकिर्दीआधीचा समजावा. नक्षीचे घाव छापावरूनच गेले असतील, तर नक्षी मागाहूनची यात शंकाच नको. दिसायला तो देखणा असतो, पण न छेडलेल्या साध्या चमच्याहून जास्त पैसे त्याला मोजू नयेत, असे माझे मत आहे. मुलाम्यावर पॉलिश मुळीच घासू नये. कोमट साबणपाणी आणि मऊ फडके पुरते.