मुंबईत बँडच्या मागावर

मी डोंबिवलीचा, त्यामुळे आधी परतीची शेवटची लोकल बघतो, मगच बँडच्या कार्यक्रमाचं तिकीट काढतो.

जागेपेक्षा बँड धरून ठेवा. जागा टिकत नाहीत. १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात गाजला. पण आजूबाजूला हॉस्पिटलं, परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथले गिटार गप्प झाले. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब २००७ ला उघडला, २०१६ ला मिटला.

बँडमध्येही ड्रमरवर लक्ष ठेवा. चांगले ड्रमर मोजकेच, म्हणून एकच पोरगा तीन-तीन बँडांत वाजवताना दिसतो. त्याचं इन्स्टाग्राम बघत राहा, नवे बँड आपोआप कळतात. कार्यक्रमातल्या पहिल्या बँडला चुकवू नका. समोर पंधरा डोकी असतात, त्यातलं एक तुमचं असू दे.

उभं राहायचं ते साउंडवाल्याच्या डेस्कपाशी. तो आवाज तिथूनच जमवतो ना! पुढे स्पीकरला चिकटलात तर नुसता बेस. आणि मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घ्या. मी बरीच वर्षं घातले नाहीत. आता डाव्या कानात कुकरची शिट्टी वाजते, गॅस बंद करायची सोय नाही.

टी-शर्ट मात्र बँडच्याच टेबलावरून घ्या. सुटे पैसे न्या.