वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना ऐकू यावं म्हणून काय करावं

सांगलीतल्या एका वृद्धाश्रमात मी दर रविवारी जाते. तिथल्या एका आजींना भ्रम झालाय असंच सगळे धरून चालले होते. विचारावं एक, तर उत्तर भलतंच. मग त्यांच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, कानाचं मशीन सापडलं. सेल संपलेला, नळी मळाने बुजलेली. ती साफ करून नवा सेल घातला, तर आजी म्हणाल्या, "पंखा केवढा वाजतोय गं!"

तेव्हा आधी ट्रंका, उशाखालच्या पिशव्या बघा. मशीन असतं, वापरात नसतं.

मग एकेकाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून कुजबुजत तीन आकडे सांगा आणि परत म्हणायला लावा. एका वेळी एकच कान, दुसरा बोटाने दाबून. ज्यांना जमत नाही त्यांची नावं वहीत लिहा.

त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय आहेच. म्हातारपणी मळ घट्ट बसतो, काहींचं काम तो काढल्यावरच भागतं. घरी काडी, पिन, गरम तेल अजिबात नको. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी न्या. उशीर झाला की उपचारांचा उपयोग कमी होतो.

मळ काढूनही ऐकू येत नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची यंत्रावरची तपासणी. मशीन लागलं तर त्याच्या पैशांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय 65 किंवा जास्त, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत, एकदाच 3000 रुपये. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. एवढ्यात चांगलं डिजिटल मशीन येत नाही, वरचे पैसे देणगीदारांकडून उभे करावे लागतात.

खरी कसोटी मशीन आल्यावर. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. सेलचा स्टिकर काढून मिनिटभर थांबा, मगच बसवा. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा. पावसाळ्यात मशीन सिलिका जेलच्या डबीत. पहिले काही दिवस शांत खोलीत तास-दोन तासच घाला. जेवणघरात ताटवाट्यांचा खणखणाट सोसत नाही आणि मग ते पुन्हा ट्रंकेत जातं. हे सगळं एका मावशींकडे नेमून द्या. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

बोलताना समोर बसा, ओरडू नका. वयानुसार बारीक आवाज आधी जातात. स, श, फ निसटतात, ओरडून ते परत येत नाहीत. सावकाश बोला.

डबीवर नाव लिहा. आजी-आजोबांना दवाखान्यात हलवताना ती डबी औषधांच्या पिशवीतच टाका.