सुविचाराचा रतीब

ठाण्यात चांगले विचार ऐकण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. १८९३ साली सुरू झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, गडकरी रंगायतन, हिवाळ्यात भरणाऱ्या व्याख्यानमाला आणि कित्येक सोसायट्यांच्या फळ्यावर खडूने लिहिला जाणारा रोजचा सुविचार, एवढ्या सामग्रीनंतर इथल्या माणसाला काय करावे हे नव्याने सांगण्याची गरज उरत नाही. माझ्याकडेही अशा वचनांची एक दोनशे पानी वही आहे. ती अलीकडे चाळली तेव्हा पहाटे उठण्याचे महत्त्व मी पाच निरनिराळ्या वर्षी, पाच निरनिराळ्या वक्त्यांकडून उतरवून घेतल्याचे आढळले. पहाटे उठण्याचा माझा विक्रम मात्र अकरा दिवसांचा आहे. ‘कळते पण वळत नाही’ असे म्हणून आपण याचे खापर मनोबलावर फोडतो. माझ्या मते दोष बराचसा वाक्याच्या घडणीत असतो आणि तो दुरुस्त करता येतो.

दुरुस्तीचा नमुना आपल्या दारातच आहे, तो म्हणजे दुधाचा रतीब. रतीब लावताना आपण दूधवाल्याला ‘दूध आरोग्यास हितकारक असते’ असे सांगत नाही. ‘रोज अर्धा लिटर, सकाळी सहाच्या आत, दाराच्या कडीला लावलेल्या पिशवीत’ असे सांगतो, आणि म्हणूनच दूध येते. याउलट आपली वचने पाहावीत. ‘आरोग्यं धनसंपदा’ यात क्रियापदच नाही. ‘वेळ अमूल्य आहे’ यात क्रियापद आहे, पण ते नुसते ‘आहे’. ‘लवकर निजे, लवकर उठे’ यात दोन चांगली क्रियापदे आहेत, तरी कर्ता नाही आणि घड्याळ नाही. फोर्टमधल्या कचेरीतून रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाने ‘लवकर’ म्हणजे किती वाजता समजावे? म्हणून पहिले काम असे, की वहीतले एकच वचन निवडावे आणि स्वतःला कर्ता करून, वेळ व जागा घालून ते पुन्हा लिहावे.

‘लवकर निजे’ हेच उदाहरण घेऊ. सकाळी साडेपाचला उठायचे आणि सात तास झोपायचे, तर साडेदहाला दिवा मालवला पाहिजे. त्यासाठी दहाच्या सुमारास मोबाइल हातातून सुटला पाहिजे, जेवण साडेनऊपर्यंत आटोपले पाहिजे, म्हणजे कुकर नऊला चढायला हवा, आणि घरी पोहोचणेच नऊला होत असेल तर डाळ-तांदूळ सकाळीच मोजून ठेवलेले हवेत. असे मागे मागे जात राहिले की शेवटी एक अशी कृती सापडते जी पूर्णपणे आपल्या हातात असते आणि जी केल्यावर पुढचे बरेचसे आपोआप घडते. निजणे हुकमाने येत नाही. मोबाइल मात्र हुकमाने ठेवता येतो. तेव्हा वहीतल्या वचनाचे रूप असे होते: ‘जेवणाची भांडी घासायला टाकली की मी मोबाइल बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी चार्जिंगला लावीन आणि आत जाईन.’ हे वाक्य कोणी भिंतीवर लावणार नाही, पण ते करता येते.

अशा वाक्याच्या बळाचा मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ या पद्धतीच्या योजनांवर एक महत्त्वाचा लेख लिहिला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून निदान एकदा वीस मिनिटे व्यायाम केला का, हे पाहिले गेले. ज्या गटाला काहीच सांगितले नव्हते त्यातील ३८ टक्क्यांनी तो केला. हृदयरोग आणि व्यायाम यांविषयीची प्रभावी माहिती वाचलेल्या गटातील ३५ टक्क्यांनी केला. तीच माहिती वाचून शिवाय दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवलेल्या गटातील ९१ टक्क्यांनी केला. माझ्यासारख्या श्रोत्याने यातला मधला आकडा नीट पाहावा. भाषण ऐकून इच्छा वाढली असेल. पाऊल उचलले गेले ते वेळ-जागा लिहिल्यावर.

वेळ लिहिताना घड्याळापेक्षा आधीच रोज घडणाऱ्या कृतीची खुंटी अधिक भरवशाची, कारण ठाण्याच्या रहदारीत सव्वासात वाजता आपण कुठे असू हे सांगता येत नाही. नळाला पाणी येणे, डबा भरणे, देवापाशी दिवा लावणे, लोकलमधून उतरून स्टेशनाचा जिना चढणे, या गोष्टी उशिरा झाल्या तरी होतातच. नौपाड्यात राहणाऱ्याने ‘संध्याकाळी फिरायला जाईन’ म्हणण्याऐवजी ‘स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलो की रिक्षाच्या रांगेकडे न वळता तलावपाळीला एक फेरी मारून घरी जाईन’ असे ठरवावे. एकदा घरी जाऊन चहा घेतलेला माणूस पुन्हा बूट घालतो, यावर माझा विश्वास नाही.

सर्वाधिक चूक होते ती मापात. एका वर्षी मी पाडव्याच्या सकाळी, स्वागतयात्रेच्या उत्साहात, रोज उपवन तलावापर्यंत चालत जाऊन येण्याचे ठरवले. संकल्प चांगला होता. माप सुटीच्या दिवशी घेतले होते. एप्रिलच्या उन्हाने आणि घरी आलेल्या पाहुण्यांनी तो अर्धा झाला, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाने संपला. तेव्हापासून मी माप वाईट दिवसाचे घेतो. कुर्ला आणि शीवच्या पट्ट्यात रुळांवर पाणी आले आहे, गाड्या खोळंबल्या आहेत, किंवा घोडबंदर रस्त्यावर बस तासभर जागची हललेली नाही, घरात एक जण तापाने आजारी आहे, अशा दिवशीही जेवढे करता येईल तेवढाच रतीब. चालण्याचे हे माप माझ्यापुरते इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटे एवढे निघाले. वाचनाचे दोन पाने. चांगल्या दिवशी अधिक करण्यास कोणाची हरकत नसते, पण त्या अधिकाची नोंद करू नये, नाहीतर नकळत तेच माप होऊन बसते.

नोंदीसाठी वेगळे अ‍ॅप लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिण्याची आपली जुनी पद्धत पुरेशी आहे: ज्या दिवशी चुकले त्या दिवसापुढे ‘खाडा’ लिहावे. हा शब्द मला मुद्दाम हवा आहे. दूधवाला एक दिवस आला नाही तर आपण रतीब बंद करत नाही. त्या दिवसाचे पैसे कापतो आणि दुसऱ्या सकाळी पिशवी पुन्हा कडीला लावतो. स्वतःच्या बाबतीत मात्र एका खाड्यावर सगळा संकल्प मोडीत काढतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला लक्षणीय बाधा आली नाही. तिथे सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवसांचा होता, आणि मध्यावरचा आकडा ६६ दिवसांचा. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायाम उशिरा. एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्वत्र सांगितले जाणारे वाक्य यापुढे जपून वापरावे, कारण बाविसाव्या दिवशीही कष्ट पडत आहेत हे पाहून पुष्कळ जण स्वतःलाच नालायक ठरवतात.

घरच्यांना मात्र आधी सांगावे. एका बेडरूमच्या घरात साडेपाचचा गजर फक्त आपल्यासाठी वाजत नाही. दिवा कोणत्या खोलीत लागेल, चहा कोण करील, बूट दारापाशी ठेवले तर कोणाच्या पायात येतील, हे आदल्या रात्री ठरले नाही तर तिसऱ्या दिवशी भांडण होते आणि सवय त्यात बळी जाते. पैशाच्या वचनांचे काम त्यामानाने सोपे आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे रोज पाळण्याऐवजी पगाराच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला एकदा देऊन ठेवावी.

महिना संपला की दूधवाल्याप्रमाणेच हिशेब करावा. खाडे पाच-सहा असतील तर काहीही बदलू नये. निम्म्याहून अधिक असतील तर माप कमी करावे. खाडे ठरावीक वारीच पडत असतील तर खुंटी चुकली आहे असे समजून ती बदलावी. माझ्या जुलैच्या पानावर नऊ खाडे होते आणि त्यांतले सहा सोमवार-गुरुवारचे, कारण त्या दोन दिवशी कचेरीतून निघायला हटकून उशीर होतो. ऑगस्टपासून त्या दोन वारांची फेरी सकाळी, दुधाची पिशवी आत घेतल्यावर, सुरू केली आहे. वहीतले दुसरे वचन अजून हाती घेतलेले नाही.