वाहतूक पोलिसांनी हात दाखवला की: ठाणे आणि नवी मुंबईच्या वाहनचालकांसाठी

कापूरबावडी, माजिवडा किंवा तीन हात नाक्याला, वाशीच्या चौकात किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर पोलिसाने हात दाखवला की चालकाचा जीव दंडाच्या रकमेपेक्षा ‘आता किती वेळ जाणार आणि काय काय ऐकून घ्यावे लागणार’ या धास्तीनेच अधिक खालीवर होतो. या धास्तीपोटी कोणी आवाज चढवतो, कोणी उगाच गयावया करतो, तर कोणी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो आणि पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासावर जाते. रस्त्यावरचा प्रसंग लवकर आणि सभ्यपणे उरकावा, आणि चलान चुकीचे वाटत असेल तर त्याविरुद्धची तक्रार नंतर, पुराव्यानिशी करावी, एवढेच या लेखात सविस्तर सांगायचे आहे.

पहिली गोष्ट गाडी थांबवण्याची. हात दिसताच मधल्या लेनमध्ये करकचून ब्रेक लावू नये. घोडबंदर रस्त्यावर मागे गुजरातकडे निघालेला कंटेनर असू शकतो आणि त्याला तुमच्याइतक्या लवकर थांबता येत नाही. आरसा पाहावा, डावा इंडिकेटर द्यावा, वेग हळूहळू कमी करत कडेला यावे आणि इंजिन बंद करावे. दुचाकीस्वाराने हेल्मेट काढून बोलावे. रात्री मोटारीतला आतला दिवा लावावा. हुलकावणी देऊन निसटण्यात काही हशील नाही, कारण गाडीचा क्रमांक तोवर टिपला गेलेला असतो आणि मूळ चुकीच्या दंडात कायदेशीर आदेश न पाळल्याचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १७९ खालचा, २,००० रुपयांपर्यंतचा दंड वाढतो.

कलम १३० नुसार गणवेशातील कोणताही पोलीस अधिकारी चालकाकडे वाहन परवाना मागू शकतो, त्यामुळे ‘तुम्ही साधे हवालदार, तुम्हाला अधिकार काय’ हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी ही चार कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये असली तरी ती ग्राह्य धरली जातात. केंद्रीय नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे. मात्र गॅलरीतला स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. उड्डाणपुलाखाली नेटवर्क रेंगाळते आणि नेमका तेव्हाच ओटीपी येत नाही, म्हणून घरून निघण्यापूर्वी ॲप एकदा उघडून पाहिलेले बरे. परवाना नसताना गाडी चालवल्यास ५,००० रुपये आणि विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंडाची तरतूद असल्याने कागद जवळ असूनही दाखवता न येणे हा फुकटचा मनस्ताप ठरतो.

पोलिसांच्या अधिकारांनाही मर्यादा आहेत आणि त्या माहीत असाव्यात. परवाना जप्त करायचा असेल तर कलम २०६ प्रमाणे त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते आणि मूळ परवाना परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. इग्निशनमधून किल्ली काढून घेण्याचा अधिकार देणारे कलम या कायद्यात नाही. नोंदणी किंवा परवाना नसल्यास कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते, पण ती कारवाई रीतसर असते; किल्ली खिशात टाकून पुढच्या गाडीकडे वळणे ही तशी कारवाई नव्हे. असे कोणी केले तर झटापट करू नये. शांतपणे म्हणावे, ‘साहेब, कारवाई करायची असेल तर अवश्य करा, पण कोणत्या कलमाखाली करता ते चलानावर लिहा.’ बहुतेक वेळा एवढ्यानेच किल्ली परत मिळते. छातीवरची नावाची पाटी वाचून नाव आणि वेळ मनात नोंदवावी. गाडी थांबलेली असताना, थोडे अंतर राखून, मोबाईलवर चित्रीकरण करायला हरकत नाही. पण मोबाईल समोरच्याच्या तोंडासमोर नाचवू नये आणि अंगाला हात तर मुळीच लावू नये, कारण सरकारी कर्मचाऱ्यावर बळाचा वापर केल्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खालचा गुन्हा हा कोणत्याही वाहतूक दंडापेक्षा कितीतरी जड पडतो.

बोलण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक प्रसंग तिथेच बिघडतात. ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. मित्रांमध्ये ‘मामा’ चालते, पण तोंडावर ते उद्धट वाटते. ‘माझी चूक काय झाली?’ हा प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. ‘पुढचा गेला, त्याला का नाही पकडलात?’ या प्रश्नाला आजवर कोणत्याही नाक्यावर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही, ते यापुढेही मिळणार नाही. ‘यांना टार्गेट असते’ हे आपल्याकडे प्रत्येकाचे ठाम मत असते. ते खरे असो वा खोटे, आपण सिग्नल तोडला की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. चालकांच्या रागालाही कारणे आहेत, हे नाकारता येणार नाही: वळणाआड उभे राहून अचानक समोर येणे, खड्ड्यांकडे दुर्लक्ष आणि हेल्मेटवर मात्र करडी नजर, किंवा पोलिसांच्याच दुचाकीवर हेल्मेट नसणे. या शेवटच्या बाबतीत कायदा पुरेसा कडक आहे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच नियम मोडल्यास त्याला कलम २१०ब नुसार दुप्पट दंड होतो. तरीही मेट्रोच्या कामाची धूळ आणि ट्रकचा धूर खात दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण त्या दिवशी भेटलेले कितवे तरी चिडलेले चालक असतो, हे लक्षात ठेवले तर आपलाच आवाज आपोआप खाली येतो.

ओळख सांगण्याचा मोह टाळावा. एकदा मशीनमध्ये चलानाची नोंद झाली की रस्त्यावरच्या कर्मचाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही, आणि फोनवरच्या ‘साहेबां’चे नाव ऐकून समोरचा माणूस उलट अधिक काटेकोर होतो.

आता वेगाविषयी. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीत मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. पण राज्य सरकार आणि स्थानिक यंत्रणा ती आणखी कमी करू शकतात, म्हणून रस्त्याकडेच्या पाटीवरचा आकडाच प्रमाण मानावा. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा असली तरी चढण्या-उतरण्याच्या रॅम्पवर ती ४० आहे, आणि शंभरच्या लयीत उतरणारी गाडी नेमकी तिथे सापडते. कळंबोलीहून सुरू होणाऱ्या पुणे द्रुतगती मार्गावरही सपाटीवरची मर्यादा घाटात खाली येते. पाम बीच मार्गाचा मोह वेगळा आहे. रस्ता रुंद, सिग्नल मोजके, डोळ्यांपुढे मोकळा पट्टा, त्यामुळे पाय आपसूक दाबला जातो. सुमारे दहा किलोमीटरच्या त्या मार्गावर ६० ऐवजी ९० ने गेल्यास सगळा मिळून सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ वाचतो, आणि तोही पुढच्या एखाद्या सिग्नलवर उभे राहण्यात जातो.

लेसर स्पीडगन किरणांचे झोत गाडीवर पाडून ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजते आणि ते अंतर किती झपाट्याने बदलते यावरून वेग काढते. हे काम क्षणार्धात आणि बऱ्याच दुरून होते. म्हणजे झाडाच्या सावलीतली इंटरसेप्टर (वेग मोजणारी पोलिसांची) व्हॅन तुम्हाला दिसण्याआधीच तुमची नोंद झालेली असू शकते. ती दिसताच ब्रेक दाबल्याने दंड टळत नाही, मागच्याची धडक मात्र बसू शकते. अतिवेगासाठी कलम १८३ मध्ये हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंड सांगितला आहे. दुसऱ्यांदा पकडले गेल्यास परवाना जप्त होण्याची तरतूद आहे.

चलान आले की आधी ते नीट वाचावे. राज्याच्या वाहतूक ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरले की थकलेली सर्व चलाने दिसतात. महाट्रॅफिक ॲपमध्येही ती पाहता येतात. फोटो मोठा करून पाहावा. नंबर प्लेटवर ‘बी’ आणि ‘८’ किंवा ‘डी’ आणि ‘०’ यांची गल्लत सहज होते, आणि एमएच-४३ च्या करड्या मोटारीच्या मालकाला एखाद्या लाल स्कूटरचे हेल्मेटचे चलान येते. तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम तपासावे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातलेल्या नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याने किंवा स्पीडगनने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची असते; चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेले माप आणि मोडलेल्या कलमाचा उल्लेख असावा लागतो; शिवाय अशा रस्त्यावर कॅमेरे असल्याची सूचना देणाऱ्या पाट्याही लावाव्या लागतात. यातले काय कमी आहे ते तक्रारीत मुद्देसूद लिहावे.

तक्रार त्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर नोंदवता येते. तिच्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र, आपल्या गाडीचा नंबर प्लेट दिसेल असा फोटो आणि गाडी त्या वेळी दुसरीकडे होती याचा पुरावा जोडावा: फास्टॅगची नोंद, सोसायटीच्या सीसीटीव्हीतले दृश्य किंवा पार्किंगची पावती, काहीही चालेल. तक्रारीची भाषा कोरडी ठेवावी. ‘पोलिसांची मनमानी’ या शीर्षकाखालच्या दोन पानांपेक्षा ‘फोटोतील वाहन दुचाकी आहे, माझे वाहन मोटार आहे’ हे एक वाक्य अधिक काम करते. उत्तर आले नाही तर ज्या आयुक्तालयाच्या हद्दीत चलान झाले त्याच्या वाहतूक शाखेत अर्ज द्यावा. इथे आपल्या भागात गोंधळ होतो. गायमुखचा घाट उतरून फाउंटनकडे गेल्यावर ठाणे आयुक्तालय संपून २०२० मध्ये स्थापन झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू होते, आणि वाशीची खाडी ओलांडली की मुंबई पोलिसांची हद्द लागते. घर ठाण्यात आहे म्हणून तक्रारही ठाण्यातच चालेल, असे नाही.

दंड मान्य नसेल तर न्यायालयात दाद मागता येते. आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयाची नोटीस आल्यास तिथे दंड भरणे किंवा आव्हान देणे असे दोन पर्याय असतात आणि आव्हान दिल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते. राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत चलाने तडजोडीने मिटवता येतात. मात्र सवलत मिळेल या आशेवर वर्षभर चलाने साठवणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण गाडी विकायला काढली की ती सगळी एकदम आडवी येतात.

‘पावती हवी की तसेच मिटवायचे?’ असे कोणी सूचकपणे विचारले तर पावती हवी, असेच स्पष्ट सांगावे. लाच देणे हाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरळ गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास देणाऱ्याला संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

गटारी, धुळवड आणि ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी ठरलेलीच असते. श्वास तपासणीसाठी नवी नळी मागावी, पण तपासणी नाकारू नये. विनाकारण दिलेला नकार न्यायालयात तुमच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. शंभर मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या रात्री रिक्षाने घरी जावे.

मोबाईलवर येणारा चलानाचा प्रत्येक संदेश खरा नसतो. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून ‘तुमचे चलान उघडा’ असे सांगणारा संदेश ही फसवणूक असते. ती फाइल उघडली की मोबाईलमधले ओटीपी आणि मागोमाग बँकेतले पैसे जातात. संदेशातली लिंक न दाबता संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा क्रमांक टाकावा. तिथे चलान दिसले नाही तर संदेश पुसून टाकावा.

विकलेल्या गाडीची चलाने जुन्या मालकाला येत राहतात, ही तक्रारही नेहमीची आहे. ताबा देतानाच मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेल्या कागदावर खरेदीदाराची सही घेऊन त्याच्या परवान्याच्या प्रतीसह तो जपून ठेवावा. नोंदणीवरचे नाव बदलल्याचे ऑनलाइन दिसेपर्यंत महिन्यातून एकदा त्या क्रमांकावरची चलाने तपासत राहावीत.