सोसायटीच्या टेन-केला नाशिकची पोरं आली तर काय करायचं

आमच्या रनिंग ग्रुपने ठाण्यात उपवन तलावाला पहिल्यांदा १० किलोमीटरची रेस ठेवली तेव्हा पहिलं बक्षीस ठेवलं १५ हजार, का तर बॅनरवर आकडा बरा दिसतो. पहाटे साडेपाचला नाशिककडची चार बारीक पोरं हजर, पाठीला एकेक सॅक, रात्री खोपटच्या स्टँडवर एसटीतून उतरून तिथेच बाकड्यावर आडवी झालेली. त्यातला पहिला आला ३१ मिनिटांत. आमच्या ग्रुपमधला तेव्हाचा सगळ्यात फास्ट माणूस, बँकेत मॅनेजर आहे, तो ४२ मिनिटांत पाचवा. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर जे झालं ते लिहित नाही, पण सूर एकच, की ह्या प्रोफेशनल लोकांना हौशी रेसमध्ये घेताच कशाला.

माझं मत विचाराल तर घ्यायचं. १५ हजारांचा बॅनर लावला म्हणजे आमंत्रण आम्हीच दिलं होतं की, मग पाहुणे आले म्हणून रडायचं कशाला. फक्त त्यांना आणि बँक मॅनेजरला एकाच ताटात वाढायचं नाही. त्यानंतर तीन वेळा रेस घेतली, त्यात जे जमलं ते सांगतो, तुमच्या कॉम्प्लेक्सची किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडवरच्या ग्रुपची रेस असेल तर उपयोगी पडेल.

आधी पैशाचं ठरवा, रूट, टीशर्ट वगैरे नंतर. कॅश ठेवली की प्रो येणार, हे गृहीतच धरा. महापौर वर्षा मॅरेथॉनला ऑगस्टच्या पावसात बाहेरगावची पोरं ठाण्यात पळायला येतात ती काय आपला तलाव बघायला येत नाहीत. तुम्हाला फक्त सोसायटीतलेच लोक हवे असतील तर कॅश ठेवू नका, मेडल द्या, बुटाचं कूपन द्या, झाडाचं रोप द्या (रोप कोणी घरी नेत नाही हा भाग वेगळा). आणि दोन्ही हवं असेल तर कॅश फक्त एका ओपन कॅटेगरीत, पहिल्या तिघांना आणि बाईला पुरुषाइतकीच, बाकी सगळी हौशी कॅटेगरी विदाउट कॅश. मोठ्या रेसमध्ये हेच चालतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये एलिट, म्हणजे सगळ्यात वरचे धावपटू, वेगळे, भारतीय एलिट वेगळे आणि आपण हजारो लोक मागे वेगळे, कोणाला त्याचं वाईट वाटत नाही.

आता ओपन म्हणजे कोण? इथेच सगळे अडकतात. पहिल्या वर्षी कमिटीत एकाने लिहून आणलं की ज्याला पळण्याचे पैसे मिळतात तो प्रोफेशनल. मग आर्मीतल्या जवानाचं काय, तो पगार जवानाचा घेतो पण वर्षभर पळतो. रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागलेल्या टीसीचं काय. आणि नाशिककडचा तो पोरगा, त्याला पगारच नाही, शेतावर काम करतो आणि रेस जिंकून बूट घेतो, तो तुमच्या व्याख्येत हौशी आणि कंपनीने एंट्री फी भरलेला आयटीवाला प्रोफेशनल! ह्या व्याख्येपायी पावो नुर्मीसारखा माणूस, ९ ऑलिम्पिक सुवर्णपदकं घेतलेला, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला बाहेर बसला, कारण त्याने रेससाठी पैसे घेतले असा ठपका ठेवला होता. एवढ्या मोठ्या लोकांना ते नीट जमलं नाही, आपली कमिटी तर चहा प्यायला भेटते.

म्हणून पगार, कोटा काही विचारूच नका, टायमिंग विचारा. आम्ही ठेवलंय ते असं, गेल्या दोन वर्षांत १० किलोमीटर ३६ मिनिटांच्या आत पळालेला पुरुष आणि ४२ च्या आत पळालेली बाई ओपनमध्येच, मग ते कुठलेही असोत. रजिस्ट्रेशन फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा. जुने रिझल्ट ऑनलाइन असतात, नाव टाकून पाच मिनिटांत बघता येतं, पण खोटं बोलणारा बोलणारच, म्हणून खाली एक ओळ अजून टाका, की हौशी कॅटेगरीत नाव देऊन कोणी ह्या टायमिंगच्या आत आला तर तो आपोआप ओपनमध्ये धरला जाईल. ह्यात एक गंमत झाली. आमच्याच ग्रुपचा एक जण जीव तोडून ३५:५० आला आणि हौशीतलं पहिलं बक्षीस गेलं, ओपनमध्ये सहावा. आठवडाभर बोलत नव्हता, आता प्रत्येक लग्नात सांगतो की मला प्रोमध्ये टाकलं होतं.

स्टार्ट वेगळा द्या. ओपनवाले पाच मिनिटं आधी सुटू देत. सगळे एकत्र सोडले तर पुढे सेल्फी काढणारे काका आणि मागे ३ मिनिटाला किलोमीटर पळणारा पोरगा, पोखरण रोडवर कोणीतरी आपटणारच. ओपनचा निकाल गन टाइमवर लावा, म्हणजे जो आधी रेषा ओलांडेल तो पहिला, जागतिक अॅथलेटिक्समध्येही क्रमांक तसाच लागतो. चिप टाइमवर, म्हणजे ज्याने त्याने स्टार्टची रेषा ओलांडल्यापासून मोजलेल्या वेळेवर, लावलात तर मागून सुटलेला कोणी तरी निकाल लागल्यावर उठून म्हणेल की माझे दोन सेकंद कमी आहेत, आणि ज्याने डोळ्यांसमोर रिबन तोडली त्याला तुम्ही काय सांगणार. हौशींना चिप टाइम द्या, त्यांना सर्टिफिकेटवर कमी आकडा हवा असतो.

एज ग्रुपकडे लक्ष ठेवा, इथे खरा घोळ होतो. फौजेतले बरेच जवान पस्तिशीच्या आसपास रिटायर होऊन गावी येतात, पायात अजून दम असतो आणि आपल्याकडे ३५ च्या पुढे 'वेटरन' लिहिलेलं असतं. त्याला दोष नाही, पण एज ग्रुपमध्ये कॅश नको.

पोडियमवर आधार कार्ड आणि बिबवरचं, म्हणजे छातीवरच्या नंबरावरचं, नाव जुळवा. बिब मित्राला देऊन पळवणारे आपल्या सोसायटीतलेच असतात, बाहेरगावचे नाही. डोप टेस्ट आपल्या बजेटमध्ये बसणारी नाही, म्हणूनही रक्कम लहान ठेवलेली बरी.

मेडलची एक आयडिया कॉम्रेड्सवरून घेतली. दक्षिण आफ्रिकेतली जवळपास ९० किलोमीटरची रेस, पहिल्या दहांना सोन्याचं मेडल, पण पुरुष साडेसात तासांच्या आत आला तर सिल्व्हर आणि १२ तासांच्या आत येणाऱ्यालाही मेडल आहेच. आम्ही ५०, ६० आणि ७५ मिनिटांची तीन रंगांची मेडल केली. तेव्हापासून बँक मॅनेजरचं भांडण नाशिकच्या पोराशी नसतं, घड्याळाशी असतं.

आणि त्या पोरांना बघायला पोरंबाळं आणा. आपल्या बीडचा धावपटू अविनाश साबळे, त्याने २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत मारली, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद, सकाळी नऊला माजिवड्याच्या पुलाखाली तुमची गाडी ह्यापेक्षा हळू चालते. टीव्हीवर तो वेग कळत नाही, उपवनच्या कठड्याला उभं राहून दोन हातांवरून कोणी तसा गेला की कळतो.

ओपनवाल्यांना एंट्री फ्री ठेवा, आदल्या रात्री क्लबहाऊसमध्ये गाद्या टाका, सकाळी पोहे द्या. बक्षिसाचे पैसे तिथल्या तिथे यूपीआयने, 'चेक पाठवतो' नको. बक्षीस समारंभ साडेआठच्या पुढे ढकलू नका, प्रमुख पाहुणे आले नसले तरी, रविवारी खोपटहून नाशिकच्या गाडीला उभं राहायला जागा नसते.