वादळात उडालेलं पत्र्याचं घर पुन्हा उभारताना या चुका टाळा

कोकणावर येतं तसं चक्रीवादळ खानदेशावर सहसा थेट येत नाही. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, पण किनारा सोडून आत येईल तसतसा त्याचा जोर ओसरत गेला. आपल्याकडे घर मोडतं ते वळवाच्या वादळानं. दिवसभर तापलेलं रान, चार-पाच वाजता काळंभोर आभाळ, आणि अर्ध्या तासात रावेर-यावलकडे केळीचे मळे आडवे आणि गावात पत्रे शेजाऱ्याच्या वावरात. त्यानंतर मृगाच्या पावसाला उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. या घाईत बहुतेक घरी उडालेलाच पत्रा त्याच पाईपवर, त्याच हुकांनी परत बसवला जातो. दुरुस्ती करायची असते ती सुटलेल्या सांध्याची, आणि तोच तसाच राहतो.

आवराआवर आधी, फोटो नंतर करणं

आधी वीज. मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद झाल्याशिवाय लोंबलेल्या पत्र्याला हात लावू नका. पत्रा सर्व्हिस वायरवर पडला असेल, तर त्याला टेकलेल्या ओल्या भिंतीत आणि लोखंडी दारातसुद्धा वीज उतरलेली असू शकते. खांबावरून येणारी वायर घरातल्या मेन स्विचनं बंद होत नाही, हे विसरू नका. महावितरणला १९१२ वर कळवा आणि वायरमन येईपर्यंत लांब राहा.

मग फोटो. घराच्या चारही बाजू, आतून उघडं पडलेलं छप्पर, भिंतीच्या भेगा, भिजलेलं धान्य. तलाठी पंचनाम्याला यायच्या आत सगळं आवरून टाकलं, तर नुकसान किती टक्के हे ठरवायला काही उरत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसान ही अट होती. पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० अशी मदत त्यात होती. घराला लागून असलेल्या गोठ्याची (त्या निकषांत ३,००० ची) नोंद वेगळी असते. ती करून घ्यायची राहून जाते. सोबत सातबारा नेऊन भागत नाही. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो, आणि बँक खातं आधारला जोडलेलं असावं.

“दगड वाढवले की झालं”

खानदेशातल्या एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेल्या पत्र्यावर दगड ठेवायची रीत जुनी आहे, आणि सगळ्यात जास्त फसवणारीही तीच. साधा हिशेब करून बघा. साडेतीन फूट रुंद, दहा फूट लांब, अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा साधारण १५ किलोचा. वारा ताशी १०० किलोमीटर असला, तर दर चौरस मीटरला सत्तेचाळीसेक किलोची ओढ तयार होते. म्हणजे त्या एका पत्र्याला वर उचलणारा जोर दीडशे किलोच्या घरात. वळचणीला आणि कोपऱ्यांवर तर त्याहून जास्त. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवून काय होणार? पत्रा उडतोच, आणि दगड खाली झोपलेल्या माणसावर येतात. वेग दीडपट झाला तर ओढ सव्वादोनपट होते, हेही लक्षात ठेवा.

वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही, वरून ओढतो. छप्पर जितकं सपाट, तितकी ही ओढ जास्त. दहा फुटांत फूटभर उतार ठेवलेलं एकपाखी छप्पर म्हणून पहिलं जातं. जागा आणि पैसा असेल तर दोनपाखी करा आणि उतार २२ ते ३० अंशांचा ठेवा, म्हणजे दहा फुटांत चार ते पावणेसहा फूट. ते जमत नसेल तर निदान वळचण दीड फुटापेक्षा पुढे काढू नका. ओट्यावर सावली हवी म्हणून चार फूट पुढे काढलेला पत्रा वाऱ्याला खालून हात घालायला जागा देतो. ओट्याचं छप्पर वेगळं करा, घराच्या छपराशी न जोडता. गेलं तर ते एकटंच जाईल.

एक समजूत आणखी: वादळात दारं-खिडक्या उघडी ठेवली की वारा निघून जातो. होतं उलट. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं की आत शिरलेली हवा छपराला खालून ढकलते आणि वरून ओढ असतेच. दार लावा, कडी घाला.

सांधा नेमका कुठे सुटला, ते न बघणं

पडलेला पत्रा उलटा करून भोकं बघा. भोक लांबट फाटलं असेल आणि हूक पाईपलाच राहिला असेल, तर पत्रा पातळ किंवा हूक कमी होते. स्क्रू पत्र्यासकट निघून आला असेल, तर पाईप पातळ. पाईपसकट सगळं छप्परच गेलं असेल, तर दोष भिंतीच्या माथ्यावर आहे. तिथे नवे पत्रे घेऊन काही उपयोग नाही.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो. पाईपचं टोक भिंतीत ठेवायचं, वर विटांचे तीन थर रचायचे, झालं. नऊ इंची भिंतीत तीन थरांचं वजन फूटभर लांबीत जेमतेम तीस किलो भरतं. दहा बाय पंधराच्या खोलीच्या छपराला ताशी १०० च्या वाऱ्यात साडेसहाशे किलोची ओढ बसते. तीस-तीस किलोच्या गठ्ठ्यांनी ती अडत नाही.

नवी भिंत बांधताय, तर माथ्यावर चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घाला: नऊ इंच रुंद, सहा इंच जाड, १० मिमीच्या चार सळ्या, दर सहा इंचांवर रिंग. दहा बाय पंधराच्या खोलीला १२ मीटर लांबीच्या सहा सळ्या आणि साडेचार बॅगा सिमेंट पुरतं. कोपऱ्यावर सळई तोडू नका. ती वळवून पुढच्या भिंतीत न्या आणि जोड भिंतीच्या मध्यात घ्या. कोपऱ्यात सळया नुसत्या एकमेकींना टेकवून सोडलेला पट्टा वाऱ्यात कोपऱ्यातच उघडतो. पट्टा ओतायच्या आधीच, जिथे पाईप येणार तिथे १२ मिमी सळईचा आकडा खालच्या विटांत अडीच-तीन फूट उतरवून काँक्रीटमध्ये पक्का करा. वरचं टोक पाईपवरून वळवून दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग. पट्टा खाली भिंतीशी बांधला नाही, तर छप्पर तो घेऊनच उठतं.

जुनी भिंत शाबूत असेल तर ती पाडू नका. पाईपवरून ५ मिमी जाड, ४० मिमी रुंद लोखंडी पट्टी वळवून भिंतीच्या आत-बाहेर तीन फूट खाली आणा. दोन फुटांवर आणि पावणेतीन फुटांवर भिंतीच्या आरपार १२ मिमीचे बोल्ट टाका, मोठ्या वायसरसह. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच आहे.

भेगेवर प्लास्टर

पाईप उचलला जाताना त्याने वरचे थर हलवलेले असतात. बाहेरून फक्त केसभर रेघ दिसते. हातोडीने हलकं ठोका. पोकळ वाजतंय तिथपर्यंतच्या विटा काढा, मसाला खरवडा आणि पुन्हा बांधा. ओळंबा लावून दहा फुटांत इंचभर झोल दिसला, तर ती भिंत पाडायलाच हवी. तिरपी भेग पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर वजन टाकू नका. चार इंची भिंत तर छपराचं ओझं घेण्यासाठी नसतेच.

बांधताना खानदेशचं ऊन विसरू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि मसाला भुसभुशीत राहतो. वीट टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. जुडाईला एकास सहा (एक सिमेंट, सहा वाळू), चार इंची भिंतीला एकास चार आणि दर चार थरांवर ६ मिमीच्या दोन सळ्या. काँक्रीट एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी), आणि बॅगेला २५ ते २७ लिटरपेक्षा जास्त पाणी नको. पातळ केलं की ओतायला सोपं जातं आणि तेवढंच कमजोर होतं. ओतकाम सकाळी दहाच्या आत उरका. आता बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट मिळतं, त्याला दहा दिवस ओल हवी, चौदा मिळाली तर उत्तम. नळाला चार दिवसांनी पाणी येत असेल तर पाईपने मारत बसू नका. पट्ट्यावर गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा, वर प्लास्टिक टाका. पाचव्या दिवशी “आता काय, वाळलं की” म्हणून पाणी बंद करणं ही ओतकामातली सगळ्यात महाग चूक.

पाईप मापाने घेणं, वजनाने नाही

वादळानंतर आठवडाभर फॅब्रिकेटर मिळत नाहीत, आणि मिळतो तो चौरस फुटावर भाव सांगतो. दोन बाय दोनचा पाईप म्हणाला की जाडी विचारा, मग काट्यावर टाका. २ मिमी जाडीचा वीस फुटी पाईप साधारण १८ किलो भरतो. ११ किलो भरला तर तो १.२ मिमीचा आहे. त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत, वाऱ्यात सरळ उपसून येतात. वेल्डिंगला दोन-दोन टाके देऊन पुढे सरकणाऱ्याला थांबवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी सलग रेघ हवी, आणि जळालेल्या जागेवर त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग. अर्ध्या मिलिमीटर पत्र्याला पाईपमधलं अंतर चार ते पाच फूट चालतं. वळचणीकडचं शेवटचं अंतर तीन फूट करा.

पत्रा बसवताना

जुना पत्रा सरळ करून वापरायला हरकत नाही, पण नाळ्या चपट्या झाल्या असतील तर तो पत्रा गोठ्याच्या भिंतीला लावा, छपराला नको. जुने पत्रे छपराच्या मध्ये, नवे वळचणीला आणि कोपऱ्यांना. जुन्या भोकात स्क्रू मारू नका. दोन इंच सरकून नवं भोक घ्या आणि जुनं डांबरी पट्टीने बंद करा.

भोक नेहमी उंचवट्यावर. नाळीत स्क्रू मारला की मिस्तरीचं काम लवकर होतं आणि पावसाचं सगळं पाणी त्या भोकावरून जातं. मधल्या पाईपवर तिसऱ्या उंचवट्याला, पण वळचण, आढं आणि दोन्ही कडांना प्रत्येक दुसऱ्या उंचवट्याला स्क्रू हवा. साध्या नालीदार पत्र्याला इंग्रजी J आकाराचा हूक वापरत असाल तर तो पाईपला खालून घट्ट धरायला हवा. रबरी वायसर जरा दबेल इतकंच आवळा. पार चेपलं की दोन उन्हाळ्यांत तडकतं.

पत्रे लावायला पूर्वेकडून सुरुवात करा आणि पश्चिमेकडे सरका. मग जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाळी वारा तिच्यात शिरत नाही. वळवाचं वादळ कुठूनही येतं, म्हणून जोडावर दोन पाईपच्या मध्येही एक छोटा स्क्रू मारून दोन पत्रे एकमेकांना शिवा. बाजूचा जोड दीड ते दोन नाळ्यांचा, वर-खालचा किमान सहा इंचांचा. उतार कमी असेल तर नऊ.

सिमेंटचा जुना पत्रा फुटला असेल तर तो कोरडा फोडू नका, झाडूही नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणजे फुफ्फुसाला घातक असे बारीक तंतू. पाणी मारून ओला करा, तोंडाला मास्क लावा आणि तुकडे पोत्यात भरून बाजूला ठेवा. खडीच्या जागी भरावाला तर वापरूच नका.

गोठ्याचा खांब

काळ्या मातीत दोन फूट खड्डा घेऊन पाईप रोवला आणि तीच माती ठोकून भरली, तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब सैल होतो. खड्डा दीड बाय दीड, तीन फूट खोल घ्या आणि पूर्ण काँक्रीटने भरा. त्या ठोकळ्याचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास होतं, खांबाला खाली धरतं ते हेच वजन. पाईपच्या बुडाशी आडवी सळई वेल्ड करायला विसरू नका, नाहीतर पाईप ठोकळ्यातून सरकून निघतो.

धाब्याच्या घरात

पत्र्याच्या घरासारखी घाई धाब्याच्या, म्हणजे लाकडी सरांवर (तुळयांवर) मातीचं सपाट छप्पर असलेल्या घराला करू नका. गारपिटीने धाबं भिजलं की पहिला हात प्लास्टिककडे जातो. दिवसभर उघडीप असेल तर ते काढून ठेवा. झाकलेल्या ओलीत सरांची टोकं भिंतीत कुजतात. सराच्या टोकाला भिंतीजवळ स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा, अर्धा इंच आत गेला तर खालून धिरा द्या, मगच वर चढा. सहा इंच ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला २७० किलोच्या आसपास असतं. दरवर्षी जुन्यावर नवा थर चढवत गेलेली धाबी फूटभर जाड होतात आणि मग एका वळवात बसतात. नवी खारी माती टाकायची असेल तर तेवढी जुनी आधी काढा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. आतली ओल अडकते, गिलावा ढलप्याने सुटतो आणि सोबत माती घेऊन येतो. शेणमातीचा किंवा चुन्याचा गिलावा द्या.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

पहिल्याच पावसात भिंतीच्या माथ्याशी ओल दिसली, तर पत्र्याला दोष देण्याआधी पत्रा आणि भिंत यांच्यातली फट बघा. ती विटांचे तुकडे घालून एकास चारच्या मसाल्याने भरा, आणि पत्र्याची कड भिंतीबाहेर सहा इंच तरी आहे ना, ते तपासा. स्क्रूभोवती थेंब पडत असेल तर स्क्रू तिरपा बसला आहे. आणखी आवळू नका, काढून एक आकार मोठा स्क्रू नव्या वायसरसह सरळ बसवा. जोडातून पाणी येत असेल आणि उतार कमी असेल, तर जोडाच्या आत बुटाइलची (चिकट रबरी) पट्टी घालावी लागते. वरून सिलिकॉन फासलेलं एका उन्हाळ्यात सुटतं. थोड्या वाऱ्यातही पत्रा फडफडत असेल तर दोन पाईपमधलं अंतर फार आहे किंवा मधले स्क्रू सुटलेत, आणि ही फडफड भोकं मोठी करत जाते. अशा ठिकाणी मध्ये एक जादा पाईप टाका. दरवर्षी चैत्रात, वळवाआधी, वळचणीचे सगळे स्क्रू एकदा पान्याने तपासा आणि तडकलेली वायसरं बदला.