जपानी दात मिळेपर्यंत करायची कामे

"दोतोर, तो जपानाचो दांत हांगा केन्ना मेळटलो?" (डॉक्टर, तो जपानचा दात इथे कधी मिळणार?) फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. विचारणारे बहुधा कवळीला कंटाळलेले काका असतात आणि बातमी मोबाइलवर उघडीच असते. औषधाने नवा दात उगवण्याची ती बातमी खोटी नाही. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये माणसांवर चाचणी सुरू झाली. आपल्या शरीरात यूसॅग-१ नावाचे एक प्रथिन दात वाढण्याला लगाम घालते. ते अडवणारे औषध शिरेतून द्यायचे, अशी ती कल्पना. पण पहिल्या टप्प्यात घेतले ते किमान एक दाढ नसलेले ३० ते ६४ वयाचे पुरुष, आणि बघायचे होते औषध सुरक्षित आहे की नाही एवढेच. त्यानंतरचा मान जन्मतःच दात न आलेल्या मुलांचा. तेव्हा काका, कवळी रात्री पाण्यात ठेवायची सवय मोडू नका.

अशी कुठलीही बातमी आली की आधी बघा, प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, आणि शेवटी मोजले काय. हिरड्यांतल्या एका जंतूमुळे अल्झायमर होतो, ही बातमी आठवते? २०१९ च्या त्या अभ्यासात रुग्णांच्या मेंदूत त्या जंतूच्या खुणा सापडल्या होत्या, हे खरेच. पुढे त्या जंतूचे विष अडवणारे औषध रुग्णांना देऊन पाहिले, तर २०२१ मध्ये निकाल आला की स्मरणशक्तीची घसरण त्याने रोखली नाही. पहिली बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली, दुसरी कुणीच नाही.

आता तुमच्या वॉशबेसिनकडे येऊ. टूथपेस्टची ट्यूब उलटी करा आणि बारीक अक्षरांत 'फ्लोराइड' शोधा. आपल्याकडे पेस्टमध्ये ते १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भागांच्या) आत ठेवायचा नियम आहे आणि आकडा ट्यूबवर छापावा लागतो. आकडा हजाराच्या आसपास असेल तर पेस्ट चांगली, मग ती लाल असो, पांढरी असो, वीस रुपयांची असो. लवंग, कडुनिंब, बाभूळ अशी चित्रे असलेल्या बऱ्याच ट्यूबांत फ्लोराइड नसतेच. चव छान लागते, तोंडाला वासही बरा येतो, पण कीड रोखायचे काम कोण करणार? जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यातही हेच निघाले: मुलांच्या दातांची कीड हजार पीपीएम आणि त्याहून जास्त फ्लोराइडच्या पेस्टने कमी होते.

पेस्ट किती घ्यायची? जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती पेस्ट खपावी म्हणून. तीन वर्षांखालच्या मुलाला उकड्या तांदळाच्या एका शिताएवढी नव्हे, कच्च्या दाण्याएवढी पुरे. तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. आणि ब्रश मोठ्यांनी धरायचा. सात वर्षांच्या मुलाच्या हाताला मागच्या दाढा सापडत नाहीत.

घासून झाले की थुंका आणि तिथेच थांबा. चूळ भरू नका. इथे माझ्याशी सगळेच भांडतात. आपल्याकडे खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटतच नाही. पण त्या पाण्याबरोबर दातावर बसलेले फ्लोराइड वाहून जाते. ब्रिटनच्या आरोग्य खात्याची पुस्तिका दंतवैद्यांना हेच सांगायला लावते: थुंका, धुऊ नका. अगदीच राहवत नसेल तर ओठ पुसा. सकाळ-रात्र यांपैकी एकच वेळ नीट जमत असेल, तर रात्रीची धरा, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांची राखण करणारे कुणी जागे नसते. चवथीत नेवऱ्या (करंज्या) किती खाल्ल्या हे मी विचारत नाही. दिवसभर येता-जाता एकेक तोंडात टाकली का, ते विचारते. गोड पोटात गेल्यावर तोंडातले आम्ल ओसरायला बराच वेळ लागतो, आणि मध्येच दुसरी नेवरी आली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. जेवणाच्या पानावर पाच खा, चालेल. कोकम सरबताचेही तेच. बाटली बाजूला ठेवून दुपारभर घोट घोट घेणाऱ्या एका बाईच्या पुढच्या दातांची धार काचेसारखी पारदर्शक झालेली मी पाहिली आहे. जेवणाबरोबर वाटीभर सोलकढी प्या, कोण अडवतोय?

मासे खाल्ल्यावर दातांत अडकलेले काढायला माडाच्या हिराची काडी वापरणारे अजून आहेत. काडी हिरडीत घुसते आणि फट वाढते. औषधांच्या दुकानात फटीत घालायचे बारीक ब्रश मिळतात, बाटली धुवायच्या ब्रशचे पिल्लूच जणू. फट असेल तिथे ते दातांत घालायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) सोपे आणि बहुधा जास्त उपयोगी. तेलाच्या गुळण्या करायच्या तर करा, ब्रशऐवजी नको. कोळशाची पेस्ट नकोच.

आता ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जरा सावरून बसा. गोव्यात घरटी एक तरी साखरेची गोळी असते असे मला वाटू लागले आहे. हिरड्यांची सूज आणि साखर या दोघी एकमेकींना चढवतात: साखर वाढली की हिरडीतला संसर्ग बळावतो, आणि हिरडीची सूज शरीराला इन्सुलिन नीट वापरू देत नाही. कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात हिरड्यांचे खोल उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी ०.४३ ने उतरलेले दिसले. म्हणजे ८.४ असेल तर आठच्या जवळ. दात घासताना रक्त, सकाळी तोंडाला घाण वास, दोन दातांत नव्याने पडलेली फट, पूर्वी सरळ असलेला पटाशीचा दात पुढे झुकणे, यातले काहीही असेल तर साखरेचा रिपोर्ट घेऊन दंतवैद्याकडे जा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्ताची वाट बघू नये. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हिरडी आतून सडत असली तरी वरून कोरडी ठणठणीत दिसते.

"साफ केले की दात हलायला लागतात" ही भीती माशेलपासून शिरोड्यापर्यंत सगळीकडे आहे. किटणाचा थर दातांना एकत्र चिकटवून धरतो. तो काढला की आधीपासून सैल असलेला दात सैल असल्याचे कळते, इतकेच. आणि हे लिहिताना माझ्याच गल्ल्याला हात घालते आहे, पण लिहायला हवे: हिरड्या निरोगी असलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी साफसफाई केलीच पाहिजे असे काही नाही. नियमित साफसफाई करणारे आणि न करणारे यांच्यात दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडला नाही, असे कॉक्रेनचा २०१८ चा आढावा सांगतो. किती दिवसांनी यायचे ते तुमच्या तोंडाकडे बघून ठरते. मधुमेह, तंबाखू, वारंवार कीड असेल तर लवकर.

लहान मुलाच्या दुधाच्या दातांत कीड असेल आणि ते यंत्र बघूनच किंचाळत असेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या कीड थांबवणाऱ्या औषधाबद्दल विचारा. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. मी काय करते सांगते: ओठाला व्हॅसलीन लावते, कारण थेंब कातडीला लागला तर डाग काही दिवस राहतो, कापसाने दात कोरडा करते, टाचणीच्या डोक्याएवढ्या ब्रशने थेंब टेकवून मिनिटभर धरते. सुई नाही, घरघर नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ झालेला भाग टणक करते. किंमत एकच: किडलेला भाग काळाकुट्ट होतो. तो काळेपणा म्हणजे औषध लागू पडल्याची खूण, हे नातवाच्या आजीला आधी समजावा, नाहीतर पुढच्या दातांवर लावून घरी नेल्यावर महाभारत होते. दाढांवर लावायला मी कचरत नाही, हसताना दिसणाऱ्या दातांवर घरच्यांना विचारूनच. परिणाम टिकायला सहा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते.

राहिली मिशरी आणि सुपारी. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी भाजलेली मिशरी डबीतून निघतेच. आणि "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांनी ऐकावे: सुपारी एकटीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच छापले. आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटे उभी आत घाला. मावत नसतील तर गालाच्या आतली कातडी आखडत असू शकते. गाल ओढून बघा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा बघा, खालून बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, दुखत नसला तरी दाखवा. न दुखणाऱ्याचीच मला जास्त काळजी वाटते.

जवळ दंतवैद्य नसेल तर बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे, आमचे शिक्षण तिथेच झाले. सकाळी लवकर जा. जुने एक्स-रे, साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर "दात काढायचा आहे" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. ते आम्ही आणि तुमचे हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवू.